निवासी प्रयोजन

तिसऱ्या ओळीवर दौलतराव खिल्लारे थांबले, कारण ती ओळ त्यांची होती. ‘सदर जागेचा वापर निवासी प्रयोजनाव्यतिरिक्त अन्य प्रयोजनासाठी होत असल्याचे प्रथमदर्शनी निदर्शनास आले असून...’ यातलं ‘प्रथमदर्शनी’ त्यांनी घातलं होतं, सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, पालिकेच्या बांधकाम विभागात, खिडकीजवळच्या टेबलावर बसून. त्याआधीचा मसुदा सरळ अंगावर जायचा, ‘वापर होत आहे’ असं ठणकावून सांगायचा, आणि मग समोरच्याचा वकील ‘कोणी पाहिलं? कधी पाहिलं?’ म्हणत त्याच्या चिंध्या करायचा. एका शब्दानं मसुदा सुरक्षित झाला. तेव्हाचे मुख्याधिकारी म्हणाले होते, ‘खिल्लारे, हात चांगला आहे तुमचा.’ ते साहेब बदलून गेले, त्यांच्यानंतर अकरा साहेब आले आणि गेले, टाइपरायटर गेला, संगणक आला, दौलतराव स्वतः सहा वर्षांपूर्वी शाल-श्रीफळ घेऊन घरी आले. पण वाक्य अजून नोकरीवर होतं. गेटशी उभं राहून, चष्मा आत राहिल्यामुळे कागद हातभर लांब धरून ते वाचत होते आणि नोटीस मिळालेल्या माणसाला मुळीच शोभणार नाही असा आनंद त्यांना होत होता. मग त्यांनी चौथी ओळ वाचली. चौथ्या ओळीत त्यांच्या बायकोचं, बेबीताईंचं, नाव होतं.

“साहेब, सही पायजे,” लखीराम म्हणाला. लखीराम पालिकेचा शिपाई. पंधरा वर्षं त्यानं दौलतरावांनी लिहिलेल्या नोटिसा गावभर वाटल्या होत्या, आणि आता त्यांच्याच गेटपाशी मोपेड लावून तो जास्वंदीच्या झाडाकडे बघत उभा होता.

“दे, करतो.”

“तुमची नाई जी. ताईची. नोटीस ताईच्या नावानं हाय.” मग त्याला राहवलं नाही. “लय कसंतरी वाटून राह्यलं साहेब. पन तुमीच शिकवलं ना आमाले, ज्याचं नाव त्याची सही.”

शिकवलं होतं खरं. दौलतराव मागं वळले. अंगणात कडुनिंबाखाली मोटार घरघरत होती, आणि तिच्या आवाजावर आवाज चढवून आठ-नऊ बाया एकाच वेळी बोलत होत्या. होळी झाली की या अंगणात शेवयांची मशीन लागते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत उतरत नाही. गव्हाला ओल द्यायची, दळायचं, बारीक कापडातून सपीट काढायचं, मीठपाणी घालून मळायचं आणि ओल्या फडक्याखाली गोळा झाकून बेबीताईंच्या घरी यायचं, हा आता गावातल्या अर्ध्या बायांचा उन्हाळ्याचा नेम झालेला. चौदा एप्रिलच्या खिरीला विहारातल्या बाया येतात, लग्नाच्या रुखवताला मंडी भागातल्या येतात, मानोऱ्याच्या वाटेवरच्या तांड्यांवरून एसटीनं बादल्या घेऊन येतात. मशीनच्या वरच्या तोंडात गोळे सरकवायचे आणि खालच्या जाळीतून शेवयांचा ओला पडदा उतरायला लागतो. तो उताण्या हातांवर झेलायचा, दोऱ्यानं कापायचा, तसाच सांभाळत बाजेपर्यंत न्यायचा आणि साडीवर पसरायचा. अंगणभर बाजा, गच्चीवर बाजा, जिन्याच्या कठड्यावर धोतरं. ओल्या गव्हाचा तो वास दौलतरावांच्या सदऱ्याला आणि उशीलासुद्धा येत असे, आणि दोन महिने ते त्याबद्दल रोज कुरकुर करत. कुरकुर करायला मिळते याचं त्यांना केवढं सुख होतं, हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही.

कारण मशीन येण्याआधीची दोन वर्षं त्यांना आठवत होती. संघदीप पुण्याला कंपनीत लागला, पौर्णिमा लग्न होऊन नाशिकला गेली, आणि लेआउटमधलं हे घर, पंचवीस वर्षं हप्ते भरून बांधलेलं, रीतसर बिगरशेती झालेल्या प्लॉटवरचं, नकाशाप्रमाणे तिन्ही बाजूंनी जागा सोडलेलं, त्यांच्या वाट्याला आलं. घर नियमात बसत होतं. निवासी प्रयोजनाव्यतिरिक्त तिथं काहीच होत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर निवासही फारसा होत नव्हता. सकाळी पेपर, मग चहा, मग पेपरची उरलेली पानं. बेबीताई एका खोलीत, हे दुसऱ्या. तिसाव्या वर्षी माणूस कामाला जुंपला की साठाव्या वर्षी त्याला स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वाटतं. कुठे बसावं ते कळत नाही, चपला कुठे काढायच्या तेही नीट आठवत नाही. मग एका फाल्गुनात बेबीताई भावाबरोबर अकोल्याला गेल्या आणि मशीन घेऊन आल्या. विचारलं नाही, सांगितलं. “माह्या मायच्या घरी बाजेले बांधलेली हातमशीन होती. दांडा फिरवून फिरवून खांदे जायचे, पन बाया हसून हसून मरत. मले ते हसनं पायजे हाय घरात,” एवढंच म्हणाल्या. दौलतरावांनी त्यांना तेव्हाच नियम सांगितला होता. तोंडपाठ होता. त्यांनी तो ऐकून घेतला आणि मोटार कुठे बसवायची ते मिस्त्रीला दाखवायला निघून गेल्या.

आता दौलतराव नोटीस घेऊन अंगणात आले. बेबीताईंनी सपिटाचे हात वर धरले आणि म्हणाल्या, “वाचून सांगा. माहे हात भरले हायेत.” त्यांनी वाचलं. मालमत्ता कराच्या फेरसर्वेक्षणाच्या वेळी, श्रीमती बेबी दौलतराव खिल्लारे यांच्या निवासी घरात विजेवर चालणारे यंत्र, दर्शनी भागी व्यवसायाचा फलक, आणि आठ महिला कामगार आढळून आले. सबब सात दिवसांच्या आत सदर व्यवसाय बंद करावा, अन्यथा यंत्र सीलबंद करण्यात येईल. सात दिवस म्हणजे गुढीपाडवासुद्धा येणार नव्हता. सगळा हंगाम पुढेच होता. कुणीतरी मोटारीचं बटण बंद केलं, आणि जिचा गोळा आत होता तिचा पडदा अर्धा लोंबता राहिला.

“कितीक कामगार म्हनले?” बेबीताईंनी विचारलं.

“आठ.”

“ह्या?” त्यांनी बायांकडे बोट केलं. “काय वं, तुमी कामगार हाय माह्या?” आणि त्या हसायला लागल्या, आधी नाकातून, मग खांद्यांनी, मग कंबरेवर हात ठेवून, आणि त्यांचं बघून सगळं अंगण हसायला लागलं. कारण त्या सगळ्याच जणी गिऱ्हाइकं होत्या. या कामाची रीतच तशी आहे. एकटीच्या हातानं शेवया होत नाहीत. एक गोळे सरकवते, दोघी झेलतात, एक कापते, दोघी नेतात, एक पसरते. म्हणून जिचा गोळा मशीनमध्ये असेल तिच्यासाठी बाकीच्या राबतात, आणि तिचं झालं की ती दुसरीसाठी थांबते. शेतात सावड असते तीच ही. सकाळी पहिली आलेली बाई दुपारी शेवटची जाते आणि कुणी कुणाला एक शब्द विचारत नाही. पालिकेचा माणूस गेटवरून डोकावला असेल, त्याला आठ बाया राबताना दिसल्या असतील आणि त्यानं आठ लिहिले असतील. “मंग हे मिटलंच,” बेबीताई म्हणाल्या. “मोटार तं आपल्या जुन्या घरघंटीचीच हाय. राह्यली पाटी.” त्या स्टूल घेऊन गेटपाशी गेल्या, आणि एसटी स्टँडजवळच्या पेंटरकडून दौलतरावांनी हौसेनं रंगवून आणलेली, पिवळ्यावर लाल अक्षरांची ‘बेबीताई शेवई केंद्र’ ही पाटी दोन झटक्यांत उपटून त्यांनी जिन्याखाली ठेवली. “अवं, एवढ्या घाईनं...” ते म्हणाले. “बाया माहं नाव वाचाले येतात का?” बेबीताई म्हणाल्या, आणि लखीरामच्या कागदावर सही करून मोटारीचं बटण दाबलं.

मिटलं नव्हतं. हे फक्त दौलतरावांना माहीत होतं, आणि तेच त्यांना पुढचे दोन दिवस टोचत राहिलं. लिहिलेला आकडा पुसता येत नाही. त्याच्यावर अहवाल होतो, अहवालावर आदेश होतो. कागदावरचे आठ कामगार आता त्या आठ बायांपेक्षा जास्त खरे होते. ते मागच्या खोलीत खुलासा लिहायला बसले. ‘उपरोक्त विषयान्वये विनम्रपणे नमूद करण्यात येते की’ इथपर्यंत सुरेख आलं आणि पुढे काही येईना. नियम तर डोळ्यांपुढे लख्ख होता. राहत्या घरात व्यवसाय चालतो. नियम त्याला आडवा येत नाही. फक्त तो घरच्याच माणसांनी करावा, रोजानं माणसं लावू नयेत. घरात असतं त्यापलीकडचं यंत्र नसावं. आणि बाहेरून पाहणाऱ्याला घर हे घरच वाटावं. हे तिसरं कलम दौलतरावांना नोकरीतही आवडायचं. बाहेरून पाहणाऱ्याला घर घर वाटावं. ते लिहिणारा कोण माणूस असेल, त्याच्या घरी कोण कोण असेल, असा विचार ते टेबलावर पेन चावत करायचे. खिडकीबाहेर आता कुणीतरी कुणाच्या तरी जावेची नक्कल करत होतं. ‘अन् मंग ते म्हनते कशी,’ असं ऐकू आलं, पुढचं मोटारीच्या आवाजात बुडालं, आणि मग हसण्याचा लोट आला. दौलतरावांनी कान टवकारले. जाऊ काय म्हणाली हे कळल्याशिवाय खुलासा पुढे सरकणार नव्हता. पाच वर्षांपूर्वी जे घर ओकंबोकं होतं ते आज बाहेरून बघणाऱ्याला काय वाटेल? कारखाना? लग्नघर? त्यांना एकदम इतकं बरं वाटलं की त्यांनी पेन खाली ठेवलं आणि एकटेच हसले. आणि हसता हसता त्यांना पाच हा आकडा आठवला.

तो आकडा आठवला की त्यांना नेहमी आधी टेबल आठवायचं, मग टेबलावरचा निळा पेपरवेट, मग कागद. दोन हजार पाच साल. शिक्षक कॉलनीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहणारं एक बंजारा कुटुंब. सेवालाल राठोड, पत्नी गोजराबाई. घरात आरसे-कवड्यांच्या पिशव्या शिवण्याचा व्यवसाय. पाहणीला गेलेल्या माणसानं चिठ्ठी आणून दिली होती, ‘बायका बसून शिवतात’, एवढीच. कामगार संख्येचा रकाना रिकामा. आणि दौलतरावांचा एक कडक नेम होता, रकाना रिकामा जाऊ द्यायचा नाही. रिकामा रकाना असलेली फाइल वरून परत येते, परत आलेली फाइल म्हणजे ठपका, आणि तो ठपका त्यांच्या आडनावाच्या माणसावर इतरांपेक्षा जरा लवकरच बसतो हेही त्यांनी पाहिलेलं होतं. शिक्षक कॉलनी पायी दहा मिनिटांवर होती. बाहेर ऊन होतं. त्यांनी पेन उचललं आणि पाच लिहिलं. पाच का? चार कमी वाटले, सहा जास्त. महिन्याभरानं लखीराम चहा ठेवता ठेवता सहज बोलून गेला की साहेब, त्या राठोडबाईनं खोल्या सोडल्या, तांड्यावर गेली बिचारी. अन् त्या तिच्या नणंदा होत्या म्हणे, लग्नाला आलेल्या, नवरीची कांचळी, म्हणजे चोळी, शिवून राह्यल्या होत्या. दौलतरावांनी चहा घेतला होता. साखर कमी आहे असंही म्हणाले होते.

हे सगळं विसरायलाही हरकत नव्हती, लोक याहून मोठी पापं विसरतात. पण चार वर्षांपूर्वी, मशीन आली त्याच पहिल्या उन्हाळ्यात, अंगणातून बेबीताईंची हाक ऐकू आली, “या गोजराबाई, तुमचाच नंबर हाय,” आणि दौलतरावांच्या हातातला पेपर खाली आला. खिडकीतून त्यांना एक उंच बाई दिसली, हातभर पांढऱ्या बांगड्या, केस रुपेरी झालेली, मोठ्या आवाजाची. मानोऱ्याच्या वाटेवरच्या तांड्यावरून आलेली. तेव्हापासून ती दर वर्षी यायची आणि दर वर्षी त्या दिवशी दौलतराव मागच्या खोलीत कपाट आवरत बसायचे. त्या एका कपाटाइतकं आवरलेलं कपाट अख्ख्या लेआउटमध्ये नसेल. तिला आपण कोण हे ठाऊक नाही, या एका गोष्टीवर त्यांचा तो दिवस निघायचा.

“झालं का लिवून?” बेबीताई दारात उभ्या होत्या. त्यांनी टेबलावरचे सहा चुरगळलेले कागद पाहिले. “तुमी लिवत बसा. मी त्या पोट्ट्याले चहाले बलावलं.” कोणत्या पोट्ट्याला? तर नोटिशीच्या खाली कनिष्ठ अभियंत्याचा नंबर होता, त्यावर त्यांनी सरळ फोन लावला होता. पवन गावंडे नाव त्याचं. बोलायला चांगला आहे, जऊळक्याचा आहे, उद्या अकराला येतो म्हणाला. दौलतराव उडालेच. नोटिशीला तोंडी उत्तर? सुनावणीआधी अधिकाऱ्याला चहा? एकतीस वर्षांच्या नोकरीत असं कुणी केलेलं त्यांना आठवेना. “अवं, अशी रीत नसते,” ते म्हणाले. “त्यानं येऊन पाह्यलं नाई म्हनून तं आठ लिवले ना,” बेबीताई म्हणाल्या. “येऊ दे, पाहू दे. पाह्यल्यावर कोन खोटं लिवते?” आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी नंबर गोजराबाईचा होता. हे दौलतरावांना सकाळी दहाला कळलं, आणि कपाट आवरायला जायची सोय नव्हती, कारण साहेब येणार. ते कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर इस्त्रीचा सदरा घालून बसले. गोजराबाई बादली घेऊन आली, दोघी सुनांना घेऊन आली, “राम राम भाऊ” म्हणून पुढे गेली. त्यांनी मान हलवली. नजर मात्र गेटकडेच ठेवली. ऊन पानांतून खाली सांडत होतं, मशीनचं पितळी तोंड चमकत होतं, आणि इतकं सगळं चांगलं चाललेलं असताना आपल्यालाच काय हे झालंय, असा त्यांना स्वतःचा राग येत होता. अकरा वाजून गेले, साडेअकरा झाले. मग गेटपाशी मोटारसायकल थांबली. पवन गावंडे हा अठ्ठावीस-एकोणतीसचा, बारीक मिशीचा, हातात पाहणी अहवालाचा छापील नमुना घेतलेला तरुण निघाला. त्यानं दौलतरावांना वाकून नमस्कार केला. “काका, तुमचं नाव अजून निघते हापिसात. मसुदे तुमचेच चालतात,” तो म्हणाला, आणि कधी नव्हे तो दौलतरावांना त्या स्तुतीचा चटका बसला.

पहिले दोन रकाने चहा येईपर्यंत झाले. मोटार घरघंटीची, एक अश्वशक्ती, लिहिलं. फलक, भिंतीला दोन खिळ्यांची भोकं तेवढी होती, म्हणून ‘आढळून आला नाही’ लिहिलं. तिसरा रकाना, कामगार. पवननं पेन उघडलं आणि अंगणाकडे पाहिलं. त्याच क्षणाला मशीनमधून शेवया उतरत होत्या, झेलणारी एक बाई गच्चीवर गेलेली, दुसरी कापणारीकडे वळलेली, आणि पडदा आपल्याच भारानं ताणत खाली चाललेला. “धरा! धरा वो साहेब, तुटते ते!” गोजराबाई ओरडली. तो ओरडाच असा होता की त्याच्यापुढे कुणाचं पद टिकू नये. पवननं पेन दातांत धरलं, नमुना खुर्चीवर टाकला आणि दोन्ही हात पुढे केले. “उताने! हात उताने धरा, बोटं मोकळे!” चार बाया एकदम म्हणाल्या. दोरा फिरला, शेवया तुटल्या, आणि कनिष्ठ अभियंता गावंडे दोन्ही हातांवर वीतभर रुंद ओला पदर घेऊन, पाय जपून टाकत, पेन दातांत, बाजेकडे निघाला. मागून सूचना चालूच होत्या. त्यानं तो पसरलाही बऱ्यापैकी. परत आला तेव्हा त्याच्या बाह्यांना सपीट लागलं होतं आणि चेहरा पुरता फुलला होता. “आमच्या घरी आई हातच लावू देत नाई,” तो म्हणाला. “मले वाटे लय अवघड असंल.”

मग तो खुर्चीवर टेकला आणि पुन्हा नमुना घेतला. “काका, खरं सांगतो. सर्व्हेच्या दिवशी गाडीवरूनच पाह्यलं मी. आठ दिसल्या, आठ लिवले. रोजानं लावलेलं कोनी नसंल तं नोटीस मी मागं घेतो, माहं काहीच म्हननं नाई. फक्त ह्या रकान्यात काय लिवू ते सांगा. तुमाले सगळं माहीत हाय.”

इतकं सोपं होतं. ‘या गिऱ्हाईक आहेत, परस्परांना मदत करतात,’ एवढं एक वाक्य, आणि हंगाम वाचत होता, मशीन वाचत होती, ते हसणं वाचत होतं. दौलतरावांनी ते वाक्य बोलायला तोंड उघडलं. समोर गोजराबाई गोळे सरकवत होती. तिची पाठ त्यांना दिसत होती, आणि बांगड्यांचा कोपरापर्यंतचा पांढरा हात वर जात होता, खाली येत होता. दहा मिनिटं पायी. बाहेर ऊन होतं. माझ्या घराला खरा आकडा मिळावा म्हणून मी चार दिवस झुरतोय, आणि हिला? “गावंडे,” ते म्हणाले, “आठ तं खोटेच हायेत. पन तुमी पाहून तरी लिवले. मी पाह्यल्याशिवाय लिवले होते. पाच. ह्या गोजराबाईच्या घरचे. वीस सालं झाले. शिक्षक कॉलनीत राहत होत्या ह्या. रकाना रिकामा होता, अन् मी आपला पाच आकडा टाकून देल्ला. त्याच्यानं ह्यायचं घर उठलं.”

बेबीताई कपबशा घेऊन उभ्या होत्या. त्यांनाही हे आज पहिल्यांदा कळत होतं. गोजराबाईनं हातातला गोळा आत सरकवला, दुसरा उचलला, आणि न वळता म्हणाली, “मालूम हाय मले.”

“तुमाले?”

“कागदावर नाव होतं ना तुमचं. खिल्लारे. माह्या पोरानं वाचून दाखवलं होतं. मंग पहिल्या साली इथं आली तं गेटवर बी तेच नाव.” आता ती वळली. “लय रडली मी त्या साली, खोटं कायले बोलू. भांडे बैलगाडीत टाकून तांड्यावर गेली. अन् तुमाले शिव्या देल्या, आमच्या बोलीत. तुमाले समजल्या बी नसत्या.” तिनं हात कंबरेवर ठेवला. “पन पाच काहून लिवले वो तुमी? सात होतो आमी. पाच नंदा, माही सासू, अन् मी. दोघी तं मोजल्याच नाई तुमी. सासू मरेपर्यंत म्हने, मले त्या कागदात धरलंच नाई म्हने.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. गोजराबाईही हसली, मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. दौलतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी आवरायचं कसं हे त्यांना कुठल्याच मसुद्यात सापडलं नसतं. “मंग,” ते कसेबसे म्हणाले, “एवढं मालूम होतं तं चार सालं माह्याच घरी कायले आल्या तुमी?”

“शेवया कराले,” गोजराबाई म्हणाली. “दुसरं कायले येते बाई इथं? अन् आता बसू नका भाऊ, धरा, उतरून राह्यल्या.”

दौलतराव उठले. चार उन्हाळे हे सगळं त्यांच्या खिडकीबाहेर चाललं होतं आणि त्यांनी एकदाही हात लावला नव्हता. त्यांनी हात उताणे केले, बोटं मोकळी सोडली. शेवया आल्या. त्या गार असतील असं त्यांना वाटलं होतं. त्या कोमट होत्या, मशीनमधून आल्यामुळे असेल, आणि वजनाला काहीच नव्हत्या, आणि तरी खांद्यापर्यंत जाणवत होत्या. संघदीप जन्मला तेव्हा वाशीमच्या दवाखान्यात नर्सनं तो असाच हातांवर दिला होता आणि ते घाबरून हललेच नव्हते. आता ते चालले. बाजेपर्यंत बारा पावलं असतील. इस्त्रीच्या सदऱ्यावर सपीट उडत होतं, बाया ‘हळू, हळू भाऊ, धावू नका’ म्हणत होत्या, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि इतक्या वर्षांत या अंगणात आपण कधी चाललोच नव्हतो, नुसते गेटपासून दारापर्यंत जात-येत होतो, असं त्यांच्या मनात आलं. पसरताना थोड्या शेवया तुटल्या. एका सुनेनं त्या बोटानं सारख्या केल्या.

“ताई,” मागून पवनचा आवाज आला. “मंग रोजानं कोनी नाई, हे लिवलं मी. नोटीस गेली समजा. पन खाली अजून एक रकाना हाय. व्यवसायात घरचे मानसं किती?”

बेबीताईंनी कपबशा खाली ठेवल्या. त्यांनी अंगणभर नजर फिरवली, मशीनपाशी, बाजांपाशी, जिन्यावर, गच्चीच्या कठड्यापाशी. “मोजा ना तुमीच,” त्या म्हणाल्या. “गोजराबाईपासून मोजा. सपीट तुमच्या बी बाह्यायले लागलं हाय, तवा तुमाले बी धरा.” मग बाजेपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या नवऱ्याकडे त्यांनी हनुवटीनं खूण केली. “अन् ह्यायले बी धरा. आजपासून.”